वजनाच्या ऑपरेशननंतरचं दुसरं वर्ष

ताईचं स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं, ऑपरेशन झालं तेव्हा तिचं वजन ११८ किलो होतं. दीड वर्षात ते ७७ वर आलं. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, तीन जिने न थांबता चढायला लागली, लग्नातल्या शालूवरचं ब्लाउज दोन्हीकडून आत घ्यावं लागलं. घरात सगळे खूश होते. त्या दिवाळीत मी चार दिवस तिच्याकडे राहिले. जेवायला बसली की अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, आणि ताट बाजूला. पण सकाळी चहाबरोबर शेव, पूजेची तयारी करता करता चिवड्याची मूठ, दुपारी टीव्हीसमोर चकलीचा तुकडा, मग दुसरा, मग तिसरा. एका रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले, तर ती ओट्याशी उभी राहून डब्यातल्या अनारशाचे तुकडे खात होती. मला बघून दचकली.

“भूक लागलीय का ताई?”

“नाही गं. भूक नाहीच. तेच तर कळत नाहीये मला,” असं म्हणाली आणि रडायला लागली.

हे तिच्या परवानगीने लिहितेय. मी डॉक्टर नाही. पण त्या रात्रीनंतरच्या वर्षभरात आम्ही दोघी आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, पुन्हा सर्जन असं फिरलो, मिळेल ते वाचलं. त्यातलं निम्मं जरी ऑपरेशनच्या आधी कुणी साध्या मराठीत सांगितलं असतं, तर ताईने ते आठ-दहा महिने एकटीने, स्वतःला शिव्या देत काढले नसते.

ऑपरेशन काय करतं, आणि काय करत नाही

आपल्याकडे जास्त होणारी ऑपरेशनं दोन प्रकारची. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग कायमचा कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. नेहमीच्या बायपासमध्ये ही पिशवी साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे आमटी मावेल एवढी असते. अमेरिकेतल्या आयोवामध्ये एडवर्ड मेसन या सर्जननी १९६६ मध्ये वजनासाठी पहिल्यांदा बायपास केली. म्हणजे ही काही काल-परवाची फॅशन नाही, पन्नास-साठ वर्षांचा अनुभव पाठीशी आहे.

पोट लहान झालं की कमी खाल्लं जातं, एवढंच आपल्याला वाटतं. खरं काम त्याहून गुंतागुंतीचं आहे. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन तयार होतं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो, त्यामुळे पोटातून मेंदूकडे जाणारी भुकेची हाक मंदावते. दुसरीकडे अन्न आतड्यात लवकर पोहोचत असल्यामुळे ‘पुरे’ सांगणारी हार्मोन्स जास्त प्रमाणात सुटतात. पहिल्या वर्षात लोक म्हणतात की जेवायची आठवणच येत नाही, ते यामुळे.

पण माणूस फक्त भुकेपोटी खातो का? कंटाळा आला, ऑफिसात अपमान झाला, मुलाचा निकाल वाईट लागला, दुपारी घर रिकामं झालं, पाहुणे गेल्यावर एकदम शांत वाटलं, अशा प्रत्येक वेळी वर्षानुवर्षं हात डब्याकडे गेलेला असतो. ताईच्या बाबतीत खाणं हीच तिची हक्काची विश्रांती होती. दिवसभरात तिला कुणी हाक न मारणारी तेवढी दहा मिनिटं मिळायची. ते काम जठर करत नव्हतं, त्यामुळे जठर कापल्याने ते थांबलंही नाही. मेंदूतली ती वाट तशीच राहते. फरक एवढाच, की आधी तिथून जे मिळायचं ते आता पोट घेऊ देत नाही. आणि त्या जागी दुसरं काही द्यायला कुणी शिकवलेलं नसतं.

पहिलं वर्ष गोड का असतं

डॉक्टर लोक पहिल्या वर्ष-दीड वर्षाला ‘हनिमून पीरियड’ म्हणतात. वजन दर महिन्याला उतरतं, भूक नसते, भेटेल तो माणूस कौतुक करतो. मनही वर येतं. ऑपरेशनच्या आधी असलेलं नैराश्य या काळात बऱ्याच जणांचं खरोखर कमी होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण या लेखाचा अर्थ ‘ऑपरेशन करू नका’ असा कुणी घेऊ नये. जिथे गरज असते तिथे हे ऑपरेशन आयुष्य वाढवतं. अमेरिकेत युटामधल्या सुमारे आठ हजार बायपास रुग्णांची तुलना तेवढ्याच वजनाच्या, पण ऑपरेशन न झालेल्या लोकांशी केली, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑपरेशन झालेल्यांमध्ये एकूण मृत्यूंचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होतं.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. आजार सोडून इतर कारणांनी, म्हणजे अपघात, आत्महत्या वगैरेंनी झालेले मृत्यू ऑपरेशन झालेल्या गटात ५८ टक्क्यांनी जास्त होते. मूळ संख्या लहानच होत्या, पण फरक होता.

वर्ष-दीड वर्षानंतर वजन उतरायचं थांबतं. थोडं परत चढतंही, आणि ते नेहमीचंच आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. दहा वर्षांनंतर २५ टक्के टिकणं हे यशच आहे. पण काट्यावर दोन किलो वाढलेले बघणाऱ्या बाईला ही सरासरी कुणी सांगितलेली नसते. तिला वाटतं, मी एवढे पैसे घालूनसुद्धा हरले. कौतुकही तोवर थांबलेलं असतं, कारण लोकांना तिच्या नव्या अंगकाठीची सवय झालेली असते. भूक हळूहळू परत यायला लागते, आणि नेमक्या याच सुमारास लोक तपासणीला जाणं सोडतात. ‘वजन वाढलंय, डॉक्टर ओरडतील’ या भीतीने ताईने दोन अपॉइंटमेंट चुकवल्या. गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच माणूस दवाखान्यापासून लांब गेलेला असतो. मला या सगळ्यातली ही सगळ्यात वाईट गोष्ट वाटते.

चरत राहणं आणि भान सुटणं

मानसोपचारात ‘बिंज ईटिंग’ नावाचा विकार आहे. २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. थोड्या वेळात, एरवी कुणी खाणार नाही एवढं खाणं, ते करताना ‘आता मला थांबता येत नाही’ अशी अवस्था होणं, नंतर अपराधी वाटणं, आणि हे निदान तीन महिने आठवड्याला एकदा तरी घडणं, असं त्याचं स्वरूप. वजनाच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्या लोकांमध्ये सुमारे १७ टक्क्यांना हा विकार आणि १९ टक्क्यांना नैराश्य असतं, असं जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये मांडलं गेलं.

आता अडचण बघा. ऑपरेशननंतर ‘एरवी कुणी खाणार नाही एवढं’ खाताच येत नाही. अर्ध्या वाटीनंतर पोट गच्च होतं. मग व्याख्येप्रमाणे विकार नाही, कागदावर सगळं ठीक. पण आतली अवस्था तीच असते, फक्त तिने रूप बदललेलं असतं. म्हणून या क्षेत्रातले लोक आता किती खाल्लं यापेक्षा भान सुटलं का, हे विचारतात. तीन बिस्किटं खाऊनही ‘मला थांबता आलं नाही’ असं वाटत असेल, तर ती नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. ज्यांच्या बाबतीत हे वारंवार होतं त्यांचं वजन कमी उतरतं आणि मनही जास्त खचलेलं असतं, असं दिसून आलं आहे.

दुसरं रूप म्हणजे चरणं. मराठीत हा शब्द किती नेमका आहे! ‘दिवसभर चरत असते’ असं आपण सहज म्हणतो. ताईचं दिवाळीतलं खाणं हेच होतं. एका वेळी मूठभर, पण सकाळपासून रात्रीपर्यंत. लहान केलेलं पोट घन जेवण थोपवतं, पण शेव, चिवडा, वेफर्स, बिस्किटं, चॉकलेट यांचा तोंडात भुगा होतो आणि तो सरकन खाली जातो. आइस्क्रीम आणि मिल्कशेक तर पाण्यासारखे उतरतात. भाकरी किंवा चिकनचा तुकडा अडकतो, दुखतो, कधी वर येतो. मग काय होतं? शरीर नकळत शिकतं की भाकरी-भाजी त्रास देते आणि शेव देत नाही. जे खायला पाहिजे त्याची भीती बसते आणि जे टाळायला पाहिजे ते सोपं वाटायला लागतं. यात जिभेच्या चोचल्यांचा वाटा असेलही, पण मोठा वाटा या साध्या यंत्रणेचा असतो. ‘ऑपरेशन करूनही हिचं तोंड काही थांबत नाही’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी आता हेच सांगते.

तिसरा प्रकार रात्रीचा. दिवसभर नेटाने राहायचं, आणि रात्री सगळे झोपले की फ्रिज उघडायचा. यात लपवणं आलं, आणि लपवणं आलं की लाज आली. लाज वाटली की माणूस पुन्हा खातो. हे चक्र ताईला मानसोपचारतज्ज्ञांनी एका कागदावर गोल काढून दाखवलं होतं. तो कागद अजून तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

उलटी: तीन वेगवेगळ्या गोष्टी

याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घरच्यांनी ओळखायला हवं असं यात बरंच आहे.

पहिली उलटी घाईची. नीट न चावता, भराभर किंवा जेवताना पाणी पीत खाल्लं की अन्न वर येतं. सावकाश चावून खाल्लं आणि पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर प्यायलं की ती बहुतेक थांबते.

दुसरी उलटी सोयीची होत जाते. अडकलं म्हणून एकदा बोट घातलं, मोकळं वाटलं. मग अडकलं नाही तरी ‘जास्त झालं’ असं वाटलं म्हणून घातलं. मग वजन वाढू नये म्हणून. काही जण चावून थुंकायला लागतात. याच्या दुसऱ्या टोकाला खाण्याचीच धास्ती बसते. काटा खाली जातोय म्हणून जेवण चुकवायचं, एका घासाचाही हिशोब करायचा, चार लोकांत खायला नकार द्यायचा. वजन अजून ‘जास्त’ असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही, उलट शाबासकी मिळते. पण कुपोषण आणि खाण्याचा विकार जाड शरीरातही होतो. केस गळणं ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी बऱ्याच जणांना होतं आणि पुढे थांबतं. ते थांबतच नसेल, चक्कर येत असेल, रोजची निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जात नसतील, तर शाबासकी थांबवून डॉक्टरांकडे न्यायला हवं.

तिसऱ्या उलटीत वेळ घालवायचा नाही. पहिल्या काही महिन्यांत वारंवार उलट्या होऊन पोटात काहीच टिकत नसेल, तर शरीरातलं थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, दोन-तीन आठवड्यांत संपू शकतं. त्याचा साठा फार थोडा असतो. मग माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, एकाचे दोन दिसतात. घरच्यांना वाटतं डिप्रेशन आलं, टेन्शन घेतलंय, डोक्यावर परिणाम झाला. खरं तर ही मेंदूची आणीबाणी असते. हिला वेर्निक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात, आणि वेळेत थायमिनची इंजेक्शनं मिळाली नाहीत तर स्मरणशक्तीवर कायमचा घाला येतो. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात साखरेचं सलाईन लावून घरी पाठवण्याची पद्धत आहे. ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायला हवं, कारण उरलंसुरलं थायमिन ग्लुकोज पचवण्यात खर्ची पडतं. म्हणून दवाखान्यात पाय ठेवताच पहिलं वाक्य हेच बोला: “यांचं वजनाचं ऑपरेशन झालंय, इतके दिवस उलट्या होताहेत.”

मनाचं दिसतं पण मनाचं नसतं, अशी आणखी एक गोष्ट आहे. गोड खाल्ल्यावर तास-दोन तासांनी, कधी तीन तासांनी, दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, काहीतरी भयंकर होणार असं वाटणं. हा घबराटीचा झटका वाटतो. पण बायपासनंतर, कधी स्लीव्हनंतरही, साखर झपाट्याने आतड्यात उतरते, शरीर इन्सुलिन जास्त सोडतं आणि रक्तातली साखर घसरते. त्या क्षणी ग्लुकोमीटरने मोजलं तर कळतं. गोळ्यांच्या कंटाळ्याने ब१२ आणि लोह घेणं सोडलं तरी थकवा, चिडचिड, विसराळूपणा, पायांना मुंग्या असं बरंच काही होतं. ताईला मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्या भेटीत औषध लिहून दिलं नाही, आधी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. मला तेव्हा राग आला होता. आता कळतं की ती बाई किती शहाणी होती.

दारू

आपल्या घरांत हा विषय कुजबुजतच बोलला जातो, म्हणून उघड लिहिते. बायपासनंतर दारू जठरात थांबत नाही, थेट आतड्यात जाते आणि काही मिनिटांत रक्तात चढते. अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात बायपास झालेल्या बायकांनी दोन पेगांएवढी दारू घेतली, तेव्हा त्यांच्या रक्तातलं प्रमाण ऑपरेशन न झालेल्या बायकांनी चार पेग घेतल्यासारखं दिसलं. जेवढ्या लवकर चढते तेवढी लवकर तिची चटक लागते. अमेरिकेतल्याच मोठ्या पाहणीत ऑपरेशनच्या आदल्या वर्षी ७.६ टक्के लोकांना दारूची समस्या होती, ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी ती ९.६ टक्क्यांना होती, आणि बायपासमध्ये धोका जास्त होता. २०१२ मध्ये हे छापून आलं. इथेही दुसरंच वर्ष, हे बघा.

‘खाण्याचं व्यसन गेलं आणि दारूचं आलं’ असं सरधोपट म्हटलं जातं. थोडं तथ्य असेल, पण त्याने सगळा दोष माणसाच्या स्वभावावर जातो. इथे शरीराने दारू घेण्याची पद्धतच बदललेली असते. ऑपरेशनआधी दोन पेग पचवणाऱ्या माणसाने ‘मला काय होतंय’ म्हणून नंतरही तेच केलं, तर तो आता वेगळ्याच शरीराने पितोय. गाडी चालवू नये, हे तर आलंच.

आरशातली बाई

वजन उतरल्यावर पोटाची, दंडांची, मांड्यांची कातडी लोंबते. घामाने पुरळ उठतं. ताई म्हणायची, “जाडी होते तेव्हा निदान गच्च तरी होते.” डोळ्यांना मात्र जुनंच शरीर दिसत राहतं. दुकानात ती अजून मोठ्या मापाचा कुर्ता उचलते, बसमध्ये दोन माणसांच्या फटीतून जायची वेळ आली की थबकते. वर्षानुवर्षं अंग चोरून वागलेल्या माणसाच्या मेंदूला नवी मापं कळायला वेळ लागतो.

आणि लोक! ‘आता कशी माणसात आलीस’ हे वाक्य ताईला एका हळदीकुंकवात ऐकावं लागलं. म्हणजे आधी ती कोण होती? कौतुकातून असा जुना अपमान नव्याने कळतो, आणि त्याचा राग कुणावर काढायचा हे कळत नाही. नवराबायकोच्या नात्यातही ताण येतो. स्वीडनमधल्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसलं, की ऑपरेशननंतर जोडीदार असलेल्यांमध्ये वेगळं होण्याचं प्रमाण वाढतं, आणि एकट्या असलेल्यांमध्ये लग्नाचं आणि नवी नाती जुळण्याचं. आपल्याकडचं चित्र वेगळं असेल, पण घरातली एक व्यक्ती अशी बदलली की बाकीच्यांच्या जागा हलतात. कालपर्यंत सगळ्यांचं ऐकणारी बाई ‘नाही’ म्हणायला लागते. ते घरच्यांना नेहमीच आवडतं असं नाही.

जीव नकोसा होणं

कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये ऑपरेशन झालेल्या ८,८१५ लोकांची आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं तपासली. २०१६ मध्ये छापलेल्या या अभ्यासात, स्वतःला इजा केल्यामुळे इस्पितळात यावं लागण्याचं प्रमाण ऑपरेशननंतर दीडपट झालं होतं. संख्या अजूनही लहान आहे, वर्षाला हजारी साडेतीनच्या आसपास. म्हणजे बहुसंख्यांच्या बाबतीत असं काही होत नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. यातले बहुतेक प्रसंग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात घडले, आणि जवळजवळ सगळ्या लोकांचा मानसिक आजाराचा इतिहास आधीपासून होता. म्हणजे कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं आणि कधी, हे आधी कळू शकतं.

‘मी नसते तर बरं’ असं कुणी बोललं तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. थेट विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सोबत राहा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर दिसत असेल तर जवळच्या इस्पितळाच्या अपघात विभागात घेऊन जा.

नैराश्याच्या गोळ्या आधीपासून चालू असलेल्यांनी एक गोष्ट जरूर विचारावी. बायपासनंतर काही गोळ्या, विशेषतः दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या, नीट शोषल्या जात नाहीत. चालू औषध अचानक कमी पडायला लागतं आणि आजार उलटतो. लिथियम या मनाच्या आजारावरच्या औषधाचं उलट, त्याची रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते. म्हणून ऑपरेशनच्या आधी सर्जन आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचं एकमेकांशी बोलणं झालेलं असावं. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, मनाने वाढवायच्याही नाहीत.

ताईला कशाने फरक पडला

ऑपरेशनआधी एका मानसतज्ज्ञांची भेट झाली होती. वीस मिनिटांची. ताईला वाटलं, ही परीक्षा आहे, पास व्हायचंय. रात्रीच्या खाण्याबद्दल ती खोटं बोलली, कारण खरं सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील अशी भीती होती. हे फार जण करतात. खरं सांगितल्याने सहसा ऑपरेशन रद्द होत नाही, फार तर तयारीला काही आठवडे जास्त मिळतात आणि नंतर कुणाकडे लक्ष ठेवायचं ते टीमला कळतं. तुम्ही अजून त्या भेटीच्या अलीकडे असाल तर कृपा करून खरं सांगा.

पुढे तिला कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (सीबीटी) नावाची उपचारपद्धती मिळाली. नाव जड आहे, काम साधं. काय खाल्लं, कुठे, कुणी सोबत होतं का, त्याच्या आधी मनात काय चाललं होतं, हे लिहायचं. पंधरा दिवसांत ताईला दिसलं की तिचं चरणं दुपारी तीन ते पाच आणि रात्री अकरानंतर आहे, आणि दोन्ही वेळी ती एकटी असते. मग दिवसात ठरावीक वेळी तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, बसून, ताटलीत घेऊन. उपाशी राहून ‘कालचं भरून काढणं’ एकदम बंद, कारण भान सुटण्याची सुरुवात बहुतेक वेळा त्या उपासातूनच होते. दुपारी तीनला ती आता खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाते. कधी नुसतीच बसून येते. टोरोंटोमध्ये ऑपरेशननंतर वर्षभराने रुग्णांना फोनवरून हीच पद्धत शिकवून पाहिली. वजनात खास फरक पडला नाही, पण भान सुटून खाणं आणि मनाचा ताण दोन्ही कमी झालं. लहान गावात राहणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. आठवड्यातून एक फोन पुरतो.

आम्हा घरच्यांनाही शिकावं लागलं. आईने आग्रह सोडला. तिला ते फार जड गेलं, कारण ‘अजून एक घे’ म्हणणं हीच तिची माया करायची पद्धत. ‘पानात टाकू नये’ हा आमच्या घरचा नियम ताईपुरता रद्द केला. भावजींनी तिच्या ताटाकडे बघून आकडे सांगणं थांबवलं. फराळ यंदा घरात थोडाच केला, पण तो तिच्यासाठी म्हणून लपवून ठेवला नाही. लपवलेल्या डब्याचा अर्थ तिला बरोबर कळतो.

तिचं वजन आज ८२ आहे. पाच किलो परत आले. रात्रीचं स्वयंपाकघर पूर्ण सुटलेलं नाही, पण महिन्यातून दोन-तीनदा, आणि दुसऱ्या दिवशी ती मला फोन करून सांगते. मागच्या महिन्यात ती पुन्हा सर्जनच्या तपासणीला गेली. नर्सने नेहमीप्रमाणे काट्याकडे बोट दाखवलं. ताई खुर्चीतच बसून राहिली आणि म्हणाली, “काटा नंतर. आधी मला डॉक्टरांशी पाच मिनिटं बोलायचंय.”